द्राक्षबागांतील गेटवे आणि झीरोएमक्यूच्या सेटिंग्ज: प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२४

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील चौदा द्राक्षबागांमध्ये बसवलेल्या गेटवेंकडून नाशिकच्या सर्व्हरपर्यंत नोंदी आणण्याचे काम आजपासून माझ्याकडे आले. प्रत्येक गेटवेत सौर पॅनेल, बॅटरी, मोबाइल मोडेम आणि ५१२ एमबी मेमरीचा रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा बोर्ड आहे. त्याला तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानांचा ओलावा मोजणारे सेन्सर जोडलेले आहेत. दिवसा दर मिनिटाला एक नोंद निघते. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात बॅटरी वाचवण्यासाठी मोजणी दर मिनिटाला चालू राहते, पण पंधरा नोंदींचा एक संच करून तो दर पंधरा मिनिटांनी पाठवला जातो.

सध्याची रचना साधी आहे. संदेशांची ने-आण झीरोएमक्यू ही लायब्ररी करते आणि तिच्यातील सॉकेट म्हणजे संदेश पाठवण्याचे किंवा घेण्याचे टोक. गेटवेवर पुश, म्हणजे फक्त पाठवणारे, सॉकेट आहे, सर्व्हरवर पुल, म्हणजे फक्त घेणारे, सॉकेट आहे, सर्व्हर बाइंड करतो, म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर वाट पाहतो, आणि गेटवे त्याला कनेक्ट होतात. मोबाइल जाळ्यात गेटवेला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसल्यामुळे दिशा हीच राहणार. आधीच्या कोडमध्ये सॉकेट उघडले की लगेच कनेक्ट केलेले आहे, मध्ये एकही सेटिंग दिलेली नाही. म्हणजे सगळी मूल्ये डिफॉल्ट आहेत.

झीरोएमक्यूमध्ये संदेश साठवून पुढे देणारा मधला ब्रोकर नसतो. त्यामुळे संदेश वाटेत कुठे थांबणार, किती थांबणार आणि जागा संपली की कोणाचे नुकसान होणार, हे सर्व दोन टोकांच्या सॉकेटांवरच ठरते. डिफॉल्ट मूल्य म्हणजे निर्णय झालेला नाही असे नसून, आपली बाग न पाहिलेल्या कोणीतरी तो आपल्या वतीने घेतलेला आहे, असे मी मानतो. म्हणून पहिले काम म्हणून एक तक्ता सुरू केला: सेटिंग, डिफॉल्ट, आमचे मूल्य आणि कारण. कारणाचा रकाना रिकामा असेल तर मूल्य बदलायचे नाही, हा नियम स्वतःला घालून घेतला.

८ ऑगस्ट

आज हाय वॉटर मार्क, म्हणजे रांगेची कमाल मर्यादा, या सेटिंगवर पूर्ण दिवस दिला. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही बाजूंना ती स्वतंत्र असते आणि आवृत्ती ३ पासून तिचे डिफॉल्ट मूल्य १००० आहे. त्याआधीच्या दुसऱ्या आवृत्तीत ते शून्य होते आणि शून्याचा अर्थ मर्यादा नाही असा होता. ही मर्यादा सॉकेटला नसून प्रत्येक जोडणीला असते. शिवाय लायब्ररी नेमके तेवढेच संदेश घेण्याची हमी देत नाही, प्रत्यक्ष मर्यादा बरीच खाली लागू शकते.

दर मिनिटाला एक नोंद या वेगाने १००० संदेश म्हणजे १६ तास ४० मिनिटे. एक नोंद सुमारे ३०० बाइटची असल्यामुळे ही रांग ३०० केबीच्या आसपास राहते आणि तिची काळजी नाही. खरी अडचण छायाचित्रांची आहे. दोन प्रायोगिक बागांमध्ये दिवसभर दर दहा मिनिटांनी पानांचे एक छायाचित्र घेतले जाते, ते सुमारे २ एमबीचे असते आणि ते त्याच सॉकेटवरून जाते. बारा तासांत ७२ छायाचित्रे होतात. तीन दिवस जोडणी नसली तर २१६ छायाचित्रे, म्हणजे ४३२ एमबी, अशा बोर्डाच्या मेमरीत साठतील ज्याची एकूण मेमरीच ५१२ एमबी आहे. मर्यादा संदेश मोजते, बाइट मोजत नाही. १००० हा आकडा लहान नोंदीसाठी माफक आहे आणि छायाचित्रासाठी बोर्ड बंद पाडणारा आहे.

म्हणून छायाचित्रांसाठी वेगळे सॉकेट केले आणि त्याची मर्यादा ५ ठेवली. छायाचित्रे मेमरी कार्डावर असतातच, त्यामुळे जागा मिळेल तेव्हा ती उचलता येतात. एका सॉकेटमध्ये दोन स्वभावांचे संदेश ठेवून मग एकच मूल्य दोघांना बसवण्याची धडपड करू नये, असे तक्त्यात कारणाच्या रकान्यात लिहिले.

१४ ऑगस्ट

गेटवेवरील सेवा बंद करून पुन्हा सुरू करताना ती नव्वद सेकंद अडकते आणि मग सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरील सेवा सांभाळणारा कार्यक्रम, तिला जबरदस्तीने मारते, अशी तक्रार होती. कारण लिंगर. त्याचे डिफॉल्ट मूल्य उणे १ आहे, म्हणजे सॉकेट बंद केल्यावरही न पोहोचलेले संदेश पोहोचेपर्यंत थांबायचे. जोडणी नसलेल्या गेटवेवर हे थांबणे कधीच संपत नाही, सर्व सॉकेट सांभाळणारा कॉन्टेक्स्ट संपवण्याची हाक परत येत नाही आणि शेवटी मारल्यामुळे रांगेतील सर्व काही जाते. लिंगर ५००० मिलिसेकंद ठेवले. ही तडजोड तात्पुरती आहे. मेमरीतील रांग हेच एकमेव साठवण असेपर्यंत कोणतेही मूल्य बरोबर ठरत नाही.

त्याच वेळी पुन्हा जोडणी करण्याचे अंतरही बदलले. डिफॉल्टप्रमाणे दर १०० मिलिसेकंदांनी प्रयत्न होत राहतो आणि कमाल अंतर शून्य असल्यामुळे ते वाढत नाही. रेंज नसलेल्या बागेत मोडेमला असे सेकंदाला दहा वेळा हलवणे बॅटरीला परवडत नाही. सुरुवात २००० आणि कमाल ६०००० अशी मूल्ये दिली, त्यामुळे अंतर दुप्पट होत एका मिनिटापर्यंत जाते.

२७ ऑगस्ट

निफाडकडील एका बागेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांचा आज फोन आला. "अहो, पहाटे दव पडतं तेव्हाच नेमका तुमचा आकडा नसतो. दुपारी कोरड्या पानाचा ओलावा बघून मी काय करू?" असे त्यांनी विचारले. मी त्यांच्या गेटवेचा आलेख उघडला. रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत एकही नोंद नव्हती. आदल्या रात्रीही नव्हती आणि त्याच्या आदल्या रात्रीही नव्हती.

आमच्या कृषितज्ज्ञ मॅडमना दाखवले तेव्हा त्यांनी शांतपणे एवढेच सांगितले की, केवड्याच्या, म्हणजे डाऊनीच्या, संसर्गाला पानावर पाणी राहावे लागते आणि ते किती तास राहिले व त्या वेळी तापमान काय होते, या दोन गोष्टींवरच त्यांचे सगळे गणित उभे आहे. रात्र नसेल तर त्यांच्याकडे काहीच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघेल तेव्हा हा खंड राहिला, तर शेतकरी आमच्या इशाऱ्यावर विसंबून फवारणी टाळेल आणि घड हातचे जातील. ही गोष्ट मला फार लागली. दिवसाच्या नोंदी नीट येत असल्यामुळे आम्ही तीन आठवडे सर्व ठीक असल्याचे समजत होतो.

चौदांपैकी पाच गेटवेंवर हा खंड आहे आणि त्या पाचही गेटवेंमध्ये एकाच मोबाइल कंपनीचे सिम आहे.

२९ ऑगस्ट

कारण सापडले. ते सविस्तर लिहून ठेवतो.

काल रात्री काकांच्या गेटवेवर सॉकेट मॉनिटर चालू ठेवला. झीरोएमक्यू जोडणीतील घडामोडी या मॉनिटरवर कळवते, ही सोय मी आजवर वापरली नव्हती. सकाळी पाहिले तर दर अर्ध्या तासाला एक डिस्कनेक्टेड आणि पाठोपाठ एक कनेक्टेड अशी जोडी होती. पहिली तुटण्याची नोंद रात्री ११ वाजून ३० मिनिटे ४० सेकंदांची, पुढची १२ वाजून ४० सेकंदांची आणि तशाच पुढच्या सर्व. एवढा नियमितपणा रेंज जाण्यात नसतो, तो कुठल्यातरी टाइमरमध्येच असतो.

मोबाइल कंपनीच्या जाळ्यात हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात आणि कोणती जोडणी कोणाची याची नोंद मधले यंत्र ठेवते. जोडणी काही काळ शांत राहिली की ती नोंद पुसली जाते आणि दोन्ही टोकांना काहीच कळवले जात नाही. सिम लावून मी तपासले तेव्हा पाच मिनिटांची शांतता चालली, दहा मिनिटांनंतर मात्र जोडणी मेलेली होती. आमची रात्रीची शांतता पंधरा मिनिटांची आहे.

आता रात्रीचा क्रम असा होतो. सव्वाअकराचा संच लायब्ररी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, बफरमध्ये देते आणि तिच्या दृष्टीने तो गेलेला असतो. पलीकडून पोच येत नाही, म्हणून लिनक्सचे कर्नल तोच मजकूर वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा पाठवत राहते. डिफॉल्ट पंधरा प्रयत्नांप्रमाणे हा काळ किमान ९२४.६ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटे पंचवीस सेकंदांच्या आसपास, भरतो. दरम्यान साडेअकराचा संचही त्याच बफरमध्ये जाऊन बसतो. मग कर्नल जोडणी सोडून देते, बफरमधील दोन्ही संच नष्ट होतात, झीरोएमक्यू नवी जोडणी करते आणि ती जोडणी पावणेबारापर्यंत शांत राहून पुन्हा मरते. सहा वाजता दर मिनिटाच्या नोंदी सुरू झाल्या की सर्व काही ठीक दिसू लागते.

सर्व्हरच्या बाजूनेही याला पुष्टी मिळाली. एसएस या आज्ञेने आमच्या पोर्टवरील चालू जोडण्या मोजल्या, तर त्या १४ असायला हव्या होत्या आणि २२४ होत्या. तीन रात्रींपूर्वी सर्व्हर पुन्हा सुरू केला होता. पाच गेटवे, दर रात्री प्रत्येकी चौदा मेलेल्या जोडण्या, तीन रात्री, म्हणजे २१० आणि त्यात जिवंत चौदा. पुल सॉकेट फक्त ऐकते, काही पाठवत नाही, त्यामुळे समोरचा उरलेला नाही हे त्याला कधीच समजत नाही. हिशेब शेवटच्या जोडणीपर्यंत जुळला तेव्हा या निष्कर्षाबद्दल शंका उरली नाही.

२ सप्टेंबर

उपाय दोन होते. पहिला टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे शांत जोडणी जिवंत आहे का हे कर्नलने तपासणे. झीरोएमक्यूमध्ये त्याचे मूल्य डिफॉल्टने उणे १, म्हणजे यंत्रणेवर सोडलेले, असते आणि नुसते चालू केले तरी लिनक्स पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी करते. दहा मिनिटांत पुसल्या जाणाऱ्या नोंदीला दोन तासांनी केलेल्या चाचणीचा उपयोग नाही, म्हणून शांततेचा काळही द्यावा लागतो. शिवाय पोच न आलेला मजकूर वाटेत असताना कीपअलाइव्ह काम करत नाही, तेथे पुन्हा त्याच पंधरा मिनिटांची गाठ पडते.

दुसरा उपाय लायब्ररीचे स्वतःचे हार्टबीट. आवृत्ती ४.२ पासून ते उपलब्ध आहे. ठरावीक अंतराने पिंग जातो, ठरलेल्या वेळेत पाँग आला नाही तर लायब्ररी जोडणी स्वतः तोडून नवी करते. याशिवाय पिंगबरोबर एक टीटीएल मूल्य जाते आणि ते समोरच्या टोकाला सांगते की, एवढ्या वेळात माझ्याकडून काही आले नाही तर मला मेलेला समज. हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो, कारण एका टोकाबरोबर दुसऱ्या टोकाचीही स्वच्छता त्यात होते. आमच्या सर्व्हरवरील २१० जोडण्यांचा प्रश्न गेटवेवरील एका सेटिंगने सुटतो.

खर्चाचा अंदाज काढला. पिंगची चौकट ९ बाइटची असते, पाँग त्याहून लहान. टीसीपी व आयपीची शीर्षके आणि दोन्ही बाजूंच्या पोचा धरून एका फेरीला सुमारे २२५ बाइट लागतात. दर दोन मिनिटांनी एक फेरी धरली तर महिन्याला ५ एमबीच्या आत बसते. अंतर दोन मिनिटे, टाइमआउट तीस सेकंद, टीटीएल पाच मिनिटे असे ठरवले. संध्याकाळी काकांच्या गेटवेवर बसवले.

४ सप्टेंबर

रात्रीच्या नोंदी आल्या, पण त्या गेटवेने काल एका दिवसात १६० एमबी डेटा वापरला. चूक माझी आहे. टाइमआउट मी ३०००० असे बरोबर लिहिले आणि अंतर लिहिताना १२०००० ऐवजी १२० लिहिले. झीरोएमक्यूमध्ये हार्टबीटची मूल्ये मिलिसेकंदांत आहेत, तर टीसीपी कीपअलाइव्हचा शांततेचा काळ सेकंदांत आहे. मी दोन्ही एकाच बैठकीत हाताळत होतो आणि एकक मनात मिसळले. दर १२० मिलिसेकंदांनी एक पिंग, म्हणजे सेकंदाला आठांहून अधिक, असा तो दिवसभर जात राहिला. २२५ बाइटच्या हिशेबाने दिवसाला १६० एमबीच होतात.

आता सेटिंग्जच्या फाइलमध्ये प्रत्येक नावाच्या शेवटी एकक लिहिणे बंधनकारक केले आहे. फाइल वाचणारा कोड सेकंदांचे मिलिसेकंद स्वतः करतो आणि हार्टबीटचे अंतर दहा सेकंदांपेक्षा कमी आले तर सुरूच होत नाही. लायब्ररीला १२० हे मूल्य पूर्णपणे वैध आहे. ते आमच्यासाठी वैध नाही हे सांगण्याची जबाबदारी आमच्या कोडची आहे.

९ सप्टेंबर

पाचही गेटवेंवर हार्टबीट बसले आणि खंड भरून आले. तरीही मी समाधानी नाही, आणि आजच्या बैठकीत ते मांडले. जोडणी तुटल्याचे आता पंधरा मिनिटांऐवजी जास्तीत जास्त अडीच मिनिटांत कळते, एवढेच आपण साधले आहे. त्या अडीच मिनिटांत कर्नलच्या बफरमध्ये गेलेला संच अजूनही हरवू शकतो. पुश आणि पुल या जोडीत पोच नाही, लायब्ररीला संदेश दिला म्हणजे तो पोहोचला असे नाही आणि कोणतीही सेटिंग हे बदलू शकत नाही.

मॅडमना मी सरळ विचारले की, रात्रीचा एक संच हरवला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "उशिरा आला तर चालेल. दोनदा आला तरी चालेल. हरवला तर मला त्या रात्रीचा सगळा आकडा टाकून द्यावा लागतो." हे उत्तर मी शब्दशः तक्त्याच्या माथ्यावर लिहिले, कारण पुढची सर्व मूल्ये त्यातूनच निघतात. हा प्रश्न पाच ऑगस्टला विचारायला हवा होता.

नवी रचना अशी. गेटवे प्रत्येक नोंद आधी कार्डावरील एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये क्रमांकासह लिहितो. पुशऐवजी डीलर आणि पुलऐवजी राउटर ही दोन्ही दिशांनी बोलणारी सॉकेट येतात, त्यामुळे सर्व्हर उलट पोच पाठवू शकतो. पोच आल्यावरच नोंदीवर पोहोचल्याची खूण होते, नाही आली तर ती पुन्हा पाठवली जाते आणि सर्व्हर गेटवेचे नाव व क्रमांक पाहून दुसरी प्रत बाजूला ठेवतो.

रांग कार्डावर गेल्यामुळे मेमरीतील रांगेचे प्रयोजनच संपले आणि जुनी मूल्ये उलटली. पाठवण्याची मर्यादा १००० वरून ५० केली. पाठवण्याचा टाइमआउट, जो डिफॉल्टने अनंत असतो, तो शून्य केला. सेन्सर वाचणारा आणि संदेश पाठवणारा थ्रेड एकच आहे, त्यामुळे पाठवणे अडकले तर मोजणीच थांबली असती. इमिजिएट ही सेटिंग १ केली, म्हणजे जोडणी पूर्ण झालेली नसताना संदेश रांगेत घेतलाच जात नाही, ईअगेन ही त्रुटी लगेच परत येते आणि नोंद कार्डावरच सुरक्षित राहते. या सेटिंगमुळे जोडणी तुटताना रांगेत उरलेले संदेश जाऊ शकतात, एरवी हा दोष ठरला असता, पण पोच नसलेली नोंद पुन्हा जाणारच असल्याने आम्हाला तो चालतो. लिंगरही आता शून्य आहे.

१३ सप्टेंबर

कार्यालयातील चाचणीत गेटवेचे सिम काढून दोन मिनिटांनी परत बसवले. मॉनिटरवर कनेक्टेड दिसले, नोंदी जाऊ लागल्या आणि एकाही नोंदीची पोच आली नाही. जवळजवळ तीन मिनिटे हे चालले आणि मग आपोआप सुरळीत झाले.

राउटर सॉकेट प्रत्येक जोडणीला तिच्या ओळखनावाने ओळखते आणि आम्ही प्रत्येक गेटवेला कायमचे नाव दिले आहे. सर्व्हरच्या दृष्टीने जुनी जोडणी टीटीएलची पाच मिनिटे संपेपर्यंत जिवंत होती, त्यामुळे त्याच नावाने आलेल्या नव्या जोडणीकडे त्याने लक्षच दिले नाही. टीसीपीच्या पातळीवर जोडणी झाली म्हणून गेटवेला काही चुकीचे दिसले नाही. राउटर हँडओव्हर ही सेटिंग १ केली की नाव नव्या जोडणीकडे जाते आणि जुनी सोडली जाते. बदलानंतर पहिल्याच नोंदीला पोच आली.

सोबत राउटर मँडेटरीही चालू केले. नसलेल्या नावाला पाठवलेला संदेश राउटर डिफॉल्टने निमूटपणे टाकून देतो, ही सेटिंग दिल्यावर मात्र त्रुटी परत येते. पोच हरवणे आम्हाला घातक नाही, पण ती हरवल्याचे लॉगमध्ये दिसले पाहिजे.

१८ सप्टेंबर

काल गणेशविसर्जन झाले, आज सर्व चौदा गेटवेंवर नवी आवृत्ती गेली. तेराव्यापर्यंत ठीक होते. चौदावा गेटवे सर्वांत जुना आहे, त्यावरचा कार्यक्रम पायथनऐवजी सीमध्ये लिहिलेला आहे, आणि त्यात हार्टबीट दिसत नव्हते.

कोडमध्ये सेटिंग देणारी ओळ होती, पण तिचा परतावा कोणी तपासत नव्हते. तपासणी घातली तर ईइन्व्हॅल, म्हणजे अवैध मूल्य, अशी त्रुटी येत होती आणि ती एका नव्हे तर दोन ठिकाणी. त्या बोर्डावरील लायब्ररी ४.२ पेक्षा जुनी होती, त्यामुळे हार्टबीट हा पर्यायच तिला माहीत नव्हता. दुसरे ठिकाण रांगेच्या मर्यादेचे होते. झीरोएमक्यूच्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा ६४ बिटांच्या पूर्णांकात द्यावी लागे, तिसऱ्यापासून ती साध्या इंटमध्ये द्यावी लागते. जुन्या कोडची ओळ नाव बदलून तशीच ठेवल्यामुळे आठ बाइटचे मूल्य जात होते, लायब्ररी ते नाकारत होती आणि मर्यादा मूळच्या १००० वरच राहत होती. पायथनचे पायझेडएमक्यू अशा वेळी अपवाद उभा करते, सीमध्ये मात्र परतावा पाहणे आपल्याकडे आहे.

लायब्ररी ४.३.५ केली. प्रत्येक सेटिंग दिल्यावर ती परत वाचून लॉगमध्ये लिहिणारे एक छोटे फंक्शन दोन्ही भाषांत घातले. सेटिंग्ज कनेक्टच्या आधी दिल्या जातात ना, हेही तेच फंक्शन पाहते, कारण हार्टबीटसारखे बहुतेक पर्याय त्यानंतर होणाऱ्या जोडण्यांनाच लागू होतात आणि उशीर झाल्याची त्रुटी येत नाही.

२५ सप्टेंबर

सर्व्हरच्या आतील भाग. राउटरकडे आलेल्या नोंदी पब, म्हणजे एकच संदेश अनेक ग्राहकांना देणाऱ्या, सॉकेटवरून दोन ठिकाणी जातात: रोगाचे गणित करणाऱ्या प्रोसेसकडे आणि पडद्यावर ताजे आकडे दाखवणाऱ्या प्रोसेसकडे. समोरच्याची रांग भरली की पब सॉकेट थांबत नाही, त्या ग्राहकाचे संदेश टाकून देते. रोजच्या वेगात हे कधी दिसले नसते. पण सर्व्हर बारा तास बंद राहून सुरू झाला, तर चौदा गेटवेंकडून ७२० याप्रमाणे १०,०८० नोंदी काही सेकंदांत येतील आणि हजाराच्या मर्यादा त्याला पुरणार नाहीत. कार्डावर जपलेली, पोच देऊन घेतलेली नोंद सर्व्हरच्या आतच हरवेल.

एक्सपब या पबच्याच प्रकारच्या सॉकेटला संदेश टाकून न देण्याची सेटिंग आहे, ती दिली की ते टाकण्याऐवजी थांबते. मात्र तसे केले तर मंद झालेला पडदा रोगाच्या गणितालाही थांबवील. म्हणून दोन्ही वाटा वेगळ्या केल्या. गणिताच्या प्रोसेसला पुश आणि पुल दिले, तेथे रांग भरल्यावर पाठवणारा थांबतो आणि तसाच थांबला पाहिजे. गेटवेला पोच आता राउटरने नोंद घेतल्यावर नव्हे, तर ती सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये लिहिली गेल्यावरच जाते. पडद्यासाठी पब कायम ठेवले, कारण तेथे जुना आकडा हरवल्याने काही बिघडत नाही.

पडद्यासाठी कॉन्फ्लेट ही सेटिंग मला फार सोयीची वाटली होती, कारण ती रांगेत फक्त शेवटचा संदेश ठेवते. चाचणीत पडद्यावर काही बागांचे आकडे मिनिटामिनिटांनी मागे राहू लागले. शेवटचा संदेश म्हणजे त्या जोडणीवरचा शेवटचा, प्रत्येक विषयाचा शेवटचा नव्हे. चौदा बागांपैकी जिची नोंद सर्वांत शेवटी आली तेवढीच उरत होती. शिवाय ही सेटिंग अनेक भागांच्या संदेशांना चालत नाही. ती काढून टाकली आणि प्रत्येक बागेचा ताजा आकडा पडद्याच्या प्रोसेसमध्येच जपला.

इनपुट आउटपुट थ्रेड एकच ठेवला. आमच्या एवढ्या वाहतुकीला दुसऱ्याची गरज नाही.

३० सप्टेंबर

कर्व्ह, म्हणजे किल्ल्यांनी संदेश कूटबद्ध करणारी, सुरक्षा चालू केली. ३२ बाइटच्या किल्ल्या ४० अक्षरांच्या झेड८५ रूपात लिहिल्या जातात. सर्व्हरची सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे त्या कोणालाही सर्व्हर आत घेतो, त्यामुळे कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारा झॅप तपासनीस लावून चौदा किल्ल्यांची यादी दिली. संदेशाच्या आकाराला डिफॉल्टने मर्यादा नसते, ती सर्व्हरवर ४ एमबी केली.

१० ऑक्टोबर

काल दुपारपासून निफाडकडे विजांसह पाऊस झाला आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चार गेटवेंची जोडणी गेली. मी रात्री जागा राहिलो. सर्व्हरवर त्या चार जोडण्या टीटीएलप्रमाणे पाच मिनिटांत नाहीशा झाल्या, जिवंत संख्या चौदावरून दहा झाली आणि तेवढीच राहिली. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी पहिला गेटवे परत आला, साडेचारपर्यंत चारही आले. काकांच्या गेटवेने ५२० नोंदी पाठवल्या, त्यांतील तीन दोनदा आल्या आणि क्रमांक पाहून बाजूला ठेवल्या गेल्या. मधला एकही क्रमांक चुकलेला नाही.

सकाळी मॅडमनी त्या चार बागांसाठी रात्रीचे ओलाव्याचे तास काढले आणि काकांना सातच्या आत फोन केला. छाटणी होऊन त्यांना बारा दिवस झाले आहेत.

एक काम उरले आहे. चौदाव्या गेटवेचे घड्याळ वीज गेल्यावर मागे पडते आणि क्रमांक बरोबर असूनही वेळ चुकीची नोंदली जाते. उद्या बागेत जाऊन त्याला घड्याळाचे मॉड्यूल बसवायचे आहे.